सायलेन्सरचं पाणी

सर्जेरावांनी मोटरसायकलच्या सायलेन्सरखाली, सांध्यापाशी तळहात धरला. तीन-चार थेंब पडले. काळपट पाणी होतं. तो ओला हात त्यांनी तसाच इनुसच्या तोंडापुढं नेला.

"ह्ये काय रं? पेट्रोल इकतोस का पाणी?"

शिरूरच्या या पंपावर इनुस अकरा वर्षं हातपंपाचा दांडा मारत होता. असं त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं. जानेवारीतली सकाळ होती. एस.टी.ची वाट बघत उन्हाला उभी असलेली माणसं जवळ सरकली.

"आठ दिस झालं, गाडी नुसती फटफटती. आन् आता पाणी ओकाय लागली." सर्जेराव सोसायटीचे चेअरमन. सोसायटीचे ट्रक याच पंपावर भरत. पंपमालक बाहेर येऊन उभा होता, पण तोंड उघडत नव्हता. "त्या हौशीरामला बोलवा. त्यो सांगंल काय ते."

हौशीराम मिस्त्रीचं दुकान समोरच होतं, सर्जेरावांच्याच जागेत. तो चिंधीला हात पुसत आला आणि गाडीपाशी उकिडवा बसला. बघताक्षणी त्याला कळलं. धुरात वाफ असते, गार सायलेन्सरमध्ये तिचं पाणी होतं. थंडीच्या दिवसांत सगळ्याच गाड्यांचं होतं. सर्जेराव वस्तीवरून सोसायटीपर्यंत मैल-दीड मैल गाडी आणत, तेवढ्यात सायलेन्सर तापतच नसे. हीच गाडी एकदा कोरेगाव भीमापर्यंत दामटली असती, तर आत थेंब राहिला नसता.

ते पाणी सांध्यातून का गळतंय आणि गाडी का फटफटतेय, हेही त्याला कळलं. आठ दिवसांपूर्वी सायलेन्सर त्यानंच काढून साफ केला होता. परत बसवताना नवं पॅकिंग हाताशी नव्हतं, म्हणून जुनंच दाबून त्यानं वरून क्लँप आवळला होता; सांध्याला फट राहिली होती.

"बोल की," सर्जेराव म्हणाले. "कुठनं आलं ह्ये पाणी?"

हौशीरामनं इनुसकडं पाहिलं नाही.

"पेट्रोल बघाया लागंल," तो म्हणाला.

"ऐकलंत?" सर्जेराव पंपमालकाकडं वळले.

पेट्रोल कोणीच बघितलं नाही. दुपारच्या आत इनुसला घरी पाठवलं आणि त्याच्या जागी दुसरा माणूस उभा राहिला. संध्याकाळी हौशीरामनं गाडी दुकानात घेतली, नवं पॅकिंग घातलं, क्लँप नीट बसवला. गाडी फटफटायची थांबली. नव्या माणसाच्या हातचं पेट्रोल चोख, असं सर्जेराव जिथं बसतील तिथं सांगू लागले. सायलेन्सरच्या मागच्या तोंडातून पाणी अजून टपकत होतं, पण तिकडं आता कोणी वाकून बघत नव्हतं.

फेब्रुवारी संपता संपता जन्नतबी, इनुसची बायको, दुकानाच्या दाराशी येऊन उभी राहिली. इनुस दौंडला रेल्वेच्या कोळशावर लागला होता.

"मिस्त्री, एक इचारू का? त्या दिवशी पाणी पेट्रोलातलंच व्हतं का?"

हौशीरामच्या हातातला पान्हा थांबला.

"का वो?"

"त्ये म्हणत्यात, माझ्या हातनंच झालं. जेवत न्हाईत धड. म्हणत्यात, अकरा वर्सांत एकदा चुकलो आन् त्येच बाहेर आलं."

हौशीरामनं पान्हा खाली ठेवला.

"न्हाई," तो म्हणाला. "पेट्रोलात काय नव्हतं. थंडीत गळतं तसलं पाणी. समद्याच गाड्यांचं गळतं."

ती त्याच्याकडं बघत राहिली. मग तवा का बोलला नाहीत, असं ती विचारील म्हणून तो वाट बघत होता. तिनं विचारलं नाही.

"त्यास्नी जाऊन सांगा," ती म्हणाली. "मी सांगून पटायचं न्हाई."

रविवारी तो एस.टी.नं दौंडला गेला. स्टेशनाच्या पलीकडं, कोळशाच्या ढिगाऱ्याशी, इनुस त्याला आधी ओळखूच आला नाही. इनुसनं मात्र लांबूनच हात वर केला. फावडं टाकून नळावर तोंड धुतलं आणि त्याला घेऊन रुळांच्या कडेला लाकडी स्लीपरच्या थप्पीवर बसला.

"इनुसभाई, त्या दिवशीचं पाणी..."

"ऱ्हाऊ दे," इनुस म्हणाला. "मला ठावं हाय तू कशापायी आलायस. पर तू मनाला लावून घिऊ नगंस."

"आरं, ऐक तर..."

"तूच ऐक. श्रावणात टँकर आला व्हता. जमिनीतल्या टाकीचं झाकण मी उघडं टाकलं आन् नमाजाला गेलो. परत येस्तवर सर यून गेली व्हती. मी कुणालाच सांगितलं न्हाई." त्यानं गळ्यातल्या फडक्यानं मान पुसली. "तू मिस्त्री हायस. गाडी बघितल्या बघितल्या तुला उमगलं आसंल. तरी चार माणसांत माझं नाव घेतलं न्हाईस. पेट्रोल बघाया लागंल, येवढंच म्हनलास. दुसरा कुणी आसता तर बोट दावून मोकळा झाला आसता. माझी आब्रू राखलीस तू, हौशीराम."

शेडमधून एक इंजिन मागं मागं येत होतं. ते पुढून जाईपर्यंत दोघांनाही बोलता येण्यासारखं नव्हतं. ते गेलं. मग चांगलंच शांत झालं. तरी हौशीराम काही बोलला नाही.

इनुसनं जवळच ठेवलेलं शिदोरीचं गाठोडं सोडलं. आत एकच भाकरी होती, वर चटणी. ती मोडताना सारखी मोडली नाही. मोठा तुकडा त्यानं हौशीरामपुढं धरला.

"घे. लांबनं आलायस."

हौशीरामनं तो घेतला, आणि मान खाली घालून सगळा खाल्ला.