चिखलीचा देवमाणूस

"परत काडी?" निशिगंधानं कपाळावर हात मारला.

"कापूस गुंडाळला होता की, मॅडम. उकळलेला," प्रज्वल म्हणाला.

चिखलीच्या एका शेडमध्ये तो ग्राइंडर चालवायचा. डोळ्यात लोखंडाचा कण उडाला, तो कुणीतरी काडीनं टोकरून काढला आणि आता बुबुळावर पू धरला होता. औषध लागू पडलं नाही तर डोळा जाईल, असं मोठ्या मॅडमनी सकाळीच बजावलं होतं. पोराचं लग्न दिवाळीनंतरचं ठरलेलं.

निशिगंधा अजून शिकत होती, पण वैताग मुरलेल्या डॉक्टरचा. ती हाडांच्या वॉर्डात होती तेव्हा चिखलीचाच सुजित आला. निखळलेला खांदा कुणीतरी ओढून बसवायला गेलं आणि हाडच मोडलं. मग तिला कॅज्युअल्टीत टाकलं, तर तिथं कोंडाजी, तोही चिखलीचाच. कापलेल्या हातावर कुणीतरी पट्टा असा आवळलेला की बोटं काळीनिळी. हे उद्योग करणाऱ्याचं नाव मात्र दोघांनीही सांगितलं नाही. आता डोळे. जिथं जावं तिथं हा महाभाग आपला हिच्या आधी हजर!

दिवसभरात एक अण्णांचा फोन तेवढा गोड. जेवणाच्या सुट्टीत वडील रोज विचारायचे, आज काय शिकवलं? सातवीत शाळा सोडून वेल्डिंगला लागलेला माणूस, ऐकताना नुसता हरखून जायचा. मग तीही रंगवून सांगायची, अगदी हात कुठं धरायचा इथपर्यंत.

"नाव सांग त्याचं. पोलिसातच देते."

"न्हाई सांगणार."

"अरे, डोळा चाललाय तुझा! आणि कुणासाठी तोंड शिवून बसलायस?"

"देवमाणूस हाय ओ तो. कुणाचा चहासुद्धा घेत न्हाई. दवाखान्यात यायचं म्हणजे हजेरी बुडती, म्हणून समदे आधी त्यांच्याकडंच जातात."

"डॉक्टर आहे का तो? शिकलाय काही?"

"ते कुठले! वेल्डर हायत. पण लेक डॉक्टर होतीय त्यांची. तिनं सांगितल्याबिगर कुणाला हात लावत न्हाईत."

निशिगंधाच्या हातातली औषधाची बाटली तशीच राहिली.

अॅप्रनच्या खिशात फोन वाजला. सवयीनं तिनं कानाला लावला. पलीकडं ग्राइंडर किरकिरत होता.

"जेवलीस का गं?" अण्णा म्हणाले. "आज काय शिकवलं?"