रक्तातलं वय

"तुम्हाला वडिलांचं कौतुक बघवत नाही, असं सरळ सांगा ना," डॉक्टर शैलेंद्र म्हणाले.

दिवाकरराव म्हणजे सत्तरी गाठलेला, पोट सुटलेला, जिना चढून धापा टाकणारा माणूस. समोर खाटेवर त्यांचे वडील, बाबाराव. वय एकशे एक. छातीवर पांढरी दाढी आणि पाठीचा कणा ताठ. दोघांकडे पाहून डॉक्टरांना मुलाची कीव यायला हवी होती, पण येत होती ती किळस.

डॉक्टर पुण्याचे. रक्ताच्या थेंबावरून शरीराचं खरं वय काढायचं, हे त्यांचं संशोधन. 'कागद खोटं बोलतो, पेशी बोलत नाहीत,' हे वाक्य ते जाईल तिथे ऐकवत. दीक्षितपुऱ्यातल्या या अंधाऱ्या खोलीतही ऐकवून झालं होतं. जबलपूरच्या मराठी लोकांना धड मराठी येत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. असल्या लोकांत आपला हिरा सापडावा, याचं त्यांना थोडं वाईटच वाटत होतं.

गेल्या खेपेला बापलेकांचं रक्त नेलं होतं. आज निकाल घेऊन ते स्वतः आले होते. मुलाचं शरीर पंचाहत्तरीचं आणि बापाचं चौसष्ट वर्षांचं!

"साऱ्या देशात असा माणूस नाही," डॉक्टर म्हणाले. "मी यांना पुण्याला नेणार. महिनाभर तपासण्या, मग परिषद."

"नाही झेपणार जी त्यांना. कान गेले, डोळे गेले."

"मी जातो," खाटेवरून आवाज आला.

"बाबा, तुम्ही चूप बसा."

कान गेलेल्या माणसाला एवढं सगळं नीट ऐकू आलं, याचंही डॉक्टरांना कौतुकच वाटलं.

दिवाकररावांची बायको शकु चहा घेऊन आली. उंबरठ्यावर तिने घाईघाईने पदर डोक्यावर ओढला. "मामंजी, चाय," म्हणत कप ठणकन ठेवला आणि वळून गेली. सुनेची ही तऱ्हा. म्हाताऱ्याच्या लायकीचं हे घरच नाही, असं डॉक्टरांनी ठरवून टाकलं.

"पेन्शनची काळजी आहे का?" त्यांनी ओठ मुरडत विचारलं. "शंभरीनंतर दुप्पट होते, मला माहीत आहे. बुडणार नाही ती."

"पेन्शनचं काय जी. बँकवाले साहेब दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी घरीच येतात. पाया पडून जातात."

"मग अडचण काय?"

दिवाकररावांनी चहा पुढे सरकवला. असल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. डॉक्टरांनी राहिलेली माहिती विचारायला घेतली.

"भावंडं?"

"एक धाकटा होता. शालिग्राम."

"होता म्हणजे?"

"नाही आता."

"हृदयविकार?"

"हं… तसंच."

डॉक्टरांनी मान हलवली. बाप लोखंडाचा आणि दोन्ही मुलं कुचकामी. खाण्यावर ताबा नाही, शिस्त नाही. एका पिढीत माणसं किती घसरतात, याचं ढळढळीत उदाहरण त्यांना परिषदेसाठी आयतं मिळालं होतं.

निघताना ते खाटेपाशी वाकले. बाबारावांच्या पायांना हात लावला. म्हाताऱ्याने पाय चटकन मागे घेतले. केवढा विनय, डॉक्टरांना वाटलं.

"उद्या सकाळी गाडी आणतो. यांचे कपडे भरून ठेवा," ते दिवाकररावांना म्हणाले. "आणि बापाकडून जगायचं कसं ते जरा शिका. अजून वेळ गेलेली नाही."

जिना उतरताना ते शीळ घालत होते.

दिवाकररावांनी दार लावलं, कडी घातली आणि दाराला पाठ टेकून उभे राहिले. शकु आतून आली. तिच्या डोक्यावर पदर नव्हता.

"काहून 'हो' म्हटलं त्याला?" दिवाकरराव खाटेकडे बघत दबक्या आवाजात ओरडले. "अख्खं शरीर तपासणार आहेत तिथं. पेन्शनचं सगळं बाहेर येईल, समजून राहिलं का? घर बसेल आपलं!"

खाटेवरचा माणूस उठला. आधाराशिवाय खिडकीपाशी गेला आणि खाली गल्लीत निघालेल्या डॉक्टरांकडे पाहत राहिला.

"येऊ दे बाहेर, दादा," तो म्हणाला. "बाबांना जाऊन किती वर्षं झाली. आता मला माझ्या वयाचं होऊ दे."