गजभिये सोडून

संध्याकाळचे सहा वाजले. मतदान संपल्याचं केंद्रप्रमुख बाई, फ्राऊ लिंडनर यांनी जाहीर केलं आणि पेटी टेबलावर उपडी केली. यशपाल गजभियेने बाह्या वर सरकवल्या. ड्रेस्डेनमधल्या या केंद्रावर तो मदतनीस होता. जर्मन पासपोर्ट मिळून जेमतेम वर्ष झालं होतं. "नागरिक झालोय, तर कामही करायला हवं," असं त्याने सकाळी बायकोला, नंदाला, सांगितलं होतं. त्यावर ती म्हणाली होती, "अहो, म्हणजे तुमचंच कॉलेज बंद करायची मतं तुम्हीच मोजणार?"

खोटं नव्हतं. निवडणूक राज्याची होती आणि विद्यापीठं इथे राज्य सरकारच्या हातात. बाहेरून आलेल्या मुलांचं जर्मन आणि गणित वर्षभर पक्कं करून घेऊन त्यांना विद्यापीठात पाठवणारं एक सरकारी कॉलेज होतं. यशपाल तिथे गणित शिकवायचा. ते बंद करू, आणि परदेशी मुलांकडून जबर फी घेऊ, असं एका पक्षाने जाहीरनाम्यातच छापलं होतं. टेबलावर त्याच पक्षाचा गठ्ठा भराभर वाढत होता.

यशपाल एकेक मतपत्रिका उघडून पक्षाचं नाव वाचत होता. आवाज एकसारखा ठेवत होता. मग एका पत्रिकेवर तो थांबला.

फुली त्याच पक्षासमोर होती. शेजारी निळ्या शाईत, जुन्या वळणाच्या अक्षरात लिहिलं होतं: 'डॉ. गजभिये सोडून. त्यांना राहू द्या.'

आडनावाचं स्पेलिंग अचूक होतं. कॉलेजच्या ऑफिसला ते जमायला दोन वर्षं लागली होती. म्हणजे लिहिणारा त्याच्याच इमारतीतला, रोज येता-जाता त्याच्या बेलवरचं नाव वाचत असणार.

फ्राऊ लिंडनरनी वाकून पाहिलं. त्यांचा चेहरा खुलला. "बघा, लोकांचं तुमच्यावर किती प्रेम आहे!"

दोघं-तिघं हसले. पोस्टातून निवृत्त झालेले दुसरे मदतनीस वोल्टर म्हणाले, "गेनाऊ! अगदी बरोबर! मत स्पष्ट आहे. धरून टाकू."

यशपालचे कान तापले. नागपुरात शिकत असताना एका सरांनी पाठीवर हात ठेवून म्हटलं होतं, "गजभिये, तू त्यांच्यातला वाटतच नाहीस." तेव्हा तो कसनुसा हसला होता. त्या हसण्याची लाज वीस वर्षांत गेली नव्हती.

"बाद," तो म्हणाला.

"पण कुणीतरी मनापासून लिहिलंय हे," फ्राऊ लिंडनर म्हणाल्या.

"बाद. फुलीशिवाय काही लिहिलं की मत बाद. सकाळी तुम्हीच नियम वाचून दाखवलात."

"तो पक्ष तुम्हाला नकोय, म्हणून म्हणताय," वोल्टर म्हणाले.

यशपालने पत्रिका टेबलावर आपटली. शेजारचा गठ्ठा घसरला.

"माझ्या वर्गात बेचाळीस मुलं आहेत, मिस्टर वोल्टर. उद्या आठ वाजता येऊन बसतील. त्यांची नावं लिहायला या कागदावर जागा नव्हती? मला ठेवायचं आणि माझा वर्ग बंद करायचा! मग मी राहून करू काय इथे? शेजाऱ्यांच्या कुंड्यांना पाणी घालू?"

शेवटची दोन वाक्यं त्याच्या तोंडून मराठीत गेली. ती कुणालाच कळली नाहीत, पण आता कुणी हसतही नव्हतं.

फ्राऊ लिंडनरनी हात वर करायला सांगितलं. आठातले पाच बादच्या बाजूने आले. वोल्टर हाताची घडी घालून बसून राहिले.

पत्रिकेच्या मागे कारण लिहावं लागे. फ्राऊ लिंडनरनी पेन उघडलं. "काय लिहू? जास्तीचा मजकूर?"

"मतदाराने अट घातली आहे, असं लिहा."

त्यांनी नियमांची पुस्तिका काढून बोट फिरवलं. 'अट' हा शब्द कायद्यातही होता. त्यांनी तोच लिहिला आणि सही केली.

यशपालने पुढची पत्रिका उचलली. त्याच पक्षासमोर एक स्वच्छ फुली. बाकी कागद कोरा. त्याने पक्षाचं नाव मोठ्याने वाचलं, "वैध," म्हणाला, आणि पत्रिका गठ्ठ्यावर नीट ठेवली.