व्याकरणवाला टॉलेमी

अलेक्झांड्रियात "टॉलेमी!" अशी हाक मारली की निम्मा बाजार वळून बघतो. राजाचं नाव पोराला ठेवायची आमच्याकडे भारी हौस, माझ्या बापालाही होती. परवा नवा राजा टॉलेमी गादीवर बसला आणि त्याने आपल्या भावाचं, म्हणजे पुन्हा टॉलेमीचंच, मुंडकं मागितलं. हा भाऊ माझ्याच वयाचा, व्याकरण माझ्याकडेच शिकलेला. उगाच घोटाळा नको म्हणून मी गाढवावर बसून गावी निघालो.

वेशीवरच्या पहारेकऱ्याने भाला आडवा धरला. "नाव?"

"टॉलेमी. पण राजपुत्र नव्हे रे बाबा! मी त्याचा व्याकरणाचा मास्तर."

"मास्तर हाय म्हून कोन सांगनार?"

"'कोन' नाही रे, 'कोण'!" सवयीने तोंडातून निघून गेलं. मग मलाच हसू आलं. "बघ, पटलं ना आता?"

"पटलं की!" म्हणत त्याने मला गाढवावरून खाली ओढलं आणि माझे हात करकचून बांधले.



"मास्तर सकाळीच गेले," पहारेकरी गाठ आवळत म्हणाला. " माझं 'कोन' सुधारलं आन् म्हनले, मागनं राजपुत्र येतोय, त्योबी हेच करल."