सोडलेली लाट

सर्फिंगची अंतिम फेरी संपत आली होती आणि रेशम मागे होती. इतकी वर्षं राष्ट्रीय विजेतेपद तिने कुणाला दिलं नव्हतं. पण आता गुडघा साथ देत नव्हता. ही तिची शेवटची स्पर्धा होती.

शेजारच्या फळीवर चैत्राली होती. मालवणच्या किनाऱ्यावर या पोरीला रेशमनेच फळीवर उभं राहायला शिकवलं होतं. आज तीच पुढे होती आणि येणाऱ्या लाटेवर नियमाने पहिला हक्कही तिचाच होता.

लाट फुगली. चैत्रालीने दोन हात मारले आणि मुद्दाम थांबली. रेशमच्या लक्षात आलं. ही लाट घेतली तर रेशम नक्की जिंकणार होती. तिने फळी वळवली, क्षणभर विचार केला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. लाट दोघींच्या खालून रिकामीच किनाऱ्याकडे गेली. भोंगा वाजला.

वाळूवर नवी विजेती रडत होती.

"कित्याक सोडलंस?" रेशमने विचारलं.

"ताई, तुजी शेवटची स्पर्धा म्हणान."

रेशमला राग आला होता, तरी तिने चैत्रालीच्या ओल्या खांद्यांवर टॉवेल टाकला.

"लाट सोडूक तुका कोणी शिकवल्यान? उद्या सकाळी ये. परत पयल्यापासून सुरू करूया."