जेवणाआधीची प्रार्थना

चाकणच्या कंपनीनं शमुवेलला जर्मनीला पाठवलं त्याला सव्वा वर्ष झालं, पण जेवणाआधीची प्रार्थना त्यानं एक दिवस चुकवली नाही. इकडे ताथवड्यात त्याची बायको करुणा ताटं वाढायची, पाच वर्षांची नाओमी व्हिडिओ कॉल लावून तांब्याला मोबाइल टेकवून ठेवायची, आणि तो तिकडून चहाच्या सुट्टीत घाईघाईनं प्रार्थना सांगून फोन ठेवायचा.

आज सकाळीच तो आला होता, दोघींना कायमचं घेऊन जायला. डायनिंग टेबलसुद्धा विकून झालं होतं. भरलेल्या बॅगांच्या मधोमध चटई टाकून तिघं जेवायला बसली. करुणानं सवयीनं दोनच ताटं घेतली होती. लक्षात आल्यावर जीभ चावून ती तिसरं आणायला उठली.

शमुवेलनं डोळे मिटले. आज कसलीच घाई नव्हती. घरादारासाठी, दोघींसाठी त्यानं सावकाश देवाचे आभार मानले.

"आमेन," तिघंही म्हणाली.



त्यानं डोळे उघडले, तर समोर मांडी घालून बसलेली नाओमी त्याला हात हलवत होती, "बाय पप्पा, तुम्ही पण जेवून घ्या. उद्या बोलू."