उघडल्यावर काय दिसावं

"एवढं एक कायमचं करून दे," असं म्हणून सीताराम कम्प्युटरपुढच्या खुर्चीतून उठले.

दीक्षा बघतच राहिली. बाबांनी ती खुर्ची कधी कुणाला दिल्याचं तिला आठवत नव्हतं. टेलिफोन खात्यात असताना पुस्तकं आणून, चुकतमाकत ते लिनक्स ही संगणक चालवायची प्रणाली शिकले होते. हिंजवडीत आयटी कंपनीत नोकरी करणारी ही लेकसुद्धा अडली, की वारज्याला बाबांना फोन लावायची.

लॉगिनच्या वेळी कोपऱ्यातल्या लहानशा चक्रावर क्लिक केलं, की दोन डेस्कटॉपची नावं दिसत. एक बाबांचा डेस्कटॉप. काळा, कोरा, त्यावर एकही चित्र नाही. सगळा कारभार कीबोर्डवरून. दुसरा साधा, मोठ्या चित्रांचा, आईसाठी ठेवलेला. काही निवडलं नाही, तर बाबांचाच उघडे.

गेल्या मंगळवारी त्याच काळ्या पडद्यापुढे ते तासभर बसून होते. कुठली बटणं दाबायची, तेच आठवेना. दीक्षाच्या आईनं, नंदाबाईंनी, विचारलं, तर म्हणाले, "मशीन बिघडलंय." मशीन ठणठणीत होतं. परवा डॉक्टरांनी बाबांच्या विसरण्याच्या आजाराचा रिपोर्ट समजावून सांगितला, तेव्हा दीक्षा शेजारीच बसली होती.

आता तिने लॉगिनची फाइल उघडली. पासवर्ड सीतारामनीच टाकला. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा बरोबर आला.

"बाबा, या ओळीत तुमच्या डेस्कटॉपचं नाव आहे. ते काढून साधा टाकते. म्हणजे तुम्हाला काही लक्षात ठेवायला नको."

"माझ्यासाठी नाही गं."

"मग?"

"विहारातल्या ग्रंथालयाची यादी यात आहे. नऊशे चाळीस पुस्तकं. कुठलं कुणाकडे गेलंय, सगळं. उद्या मीच घोटाळे करायला लागलो, तर पोरांना पुस्तकं कोण देणार? तुझी आई देईल. तिला रोज ते चक्र शोधायला लावू नकोस."

दीक्षाची बोटं कीबोर्डवर थांबली. "पण अजून जमतंय की तुम्हाला. काही दिवस राहू दे तुमचंच."

"जमतंय तोवरच बदलायला हवं. पुढे मी हट्ट करेन. कुणाला हात लावू देणार नाही. तेव्हा माझं ऐकू नका."

तिने ती ओळ बदलली. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. चक्राला हात न लावता आत शिरली. निळ्या पडद्यावर मोठाली चित्रं उमटली. अनोळखी घराच्या दारात उभं राहावं, तसे सीताराम थोडा वेळ पाहत राहिले.

"माझं नाव आहे ना अजून, त्या चक्रात?"

"आहे बाबा."

"असू दे."

मग त्यांनी स्वयंपाकघराकडे हाक मारली. "नंदा, जरा इकडे ये."

नंदाबाई पदराला हात पुसत आल्या. रिकामी खुर्ची पाहून जागीच थबकल्या. "अहो, मला कशाला शिकवताय आता? तुम्ही आहात की."

सीतारामनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"आहे ना," ते म्हणाले. "म्हणूनच आज."